सुपरनोव्हाचा आकार ध्रुवणातून कसा काढतात? (एसएन २०२४जीजीआयच्या निमित्ताने)

मूळ_नक्षत्र (धागाकर्ता)

१० एप्रिल २०२४ च्या रात्री वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ३६२१ या दीर्घिकेत एसएन २०२४जीजीआय हा सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, सापडला. अंतर सुमारे २.२ कोटी प्रकाशवर्षं. फुटलेला तारा लाल महाराक्षसी, सूर्याच्या १२ ते १५ पट वस्तुमानाचा आणि साधारण ५०० पट त्रिज्येचा. सापडल्यावर २६ तासांत चिलीतल्या पारानाल डोंगरावरची ८.२ मीटरची दुर्बीण त्याच्यावर रोखलेली होती. निष्कर्ष नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला: स्फोटाचा पहिला लोट गोल नव्हता, ऑलिव्हसारखा लांबट होता. आपल्याकडे जांभूळ म्हणू.

बातमीसोबतचं चित्र चित्रकाराने काढलेलं आहे. दुर्बिणीत दिसला तो फक्त एक ठिपका, आणि त्यात लपवाछपवी काहीच नाही. हिशोब करून बघा. ताऱ्याची त्रिज्या सुमारे ३५ कोटी किलोमीटर. लोट सेकंदाला १०,००० किलोमीटरने पसरतो असं धरलं तर दिवसाला ८६ कोटी किलोमीटर होतात. म्हणजे दीड दिवसाच्या आत व्यास दोन-अडीच अब्ज किलोमीटर. इथून बघता हा एका आर्कसेकंदाचा (अंशाच्या ३,६०० व्या भागाचा) दोन-अडीच दशलक्षांश भाग. ८.२ मीटरच्या आरशाची, वातावरण मध्ये नसतानाची मर्यादा ०.०१७ आर्कसेकंद. म्हणजे दुर्बीण सुमारे सात हजार पट कमी पडते. फोटोतून आकार काढायचा प्रश्नच येत नाही.

मग आकार कळला कसा? प्रकाशाच्या ध्रुवणातून, म्हणजे प्रकाशलहरी एकाच दिशेत किती कंप पावतात त्यावरून. ही कल्पना १९८२ मध्ये शापिरो आणि सदरलँड यांनी मांडली होती, आणि ती कागद-पेन्सिलीने समजून घेता येते.

स्फोटातला तप्त वायू आयनीभूत असतो, त्यात मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर. इलेक्ट्रॉनवर आदळून काटकोनात वळलेला प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो; सरळ पुढे किंवा उलट मागे गेलेला अजिबात होत नाही. म्हणून स्फोटाच्या आपल्याकडच्या तबकडीच्या मध्यातून आपल्याकडे येणारा प्रकाश जवळपास अध्रुवित, आणि कडेकडून येणारा ध्रुवित, तोही कडेला समांतर दिशेने. शुद्ध इलेक्ट्रॉन-विखुरणाच्या सपाट वातावरणात अगदी कडेला हे प्रमाण ११.७ टक्के येतं, हे चंद्रशेखर यांनी १९४६ मध्येच गणिताने काढलं होतं.

आता एक वर्तुळ काढा. घड्याळाच्या बारा आकड्यांच्या जागी कडेला समांतर अशी एकेक छोटी रेघ मारा. १२ ची रेघ आडवी, ३ ची उभी. सारख्याच तेजाचा आडवा आणि उभा ध्रुवित प्रकाश एकत्र केला की अध्रुवित प्रकाश तयार होतो, म्हणून १२ ला ३ खोडते. तशीच १ ला ४ आणि २ ला ५. सगळ्या जोड्या फिटतात, बाकी शून्य. गोल स्फोट कितीही तेजस्वी असला तरी त्याचं एकूण ध्रुवण शून्यच.

तेच वर्तुळ ताणून लांबट करा. आता लांब बाजूंच्या रेघा आणि टोकांच्या रेघा बरोबरीच्या राहत नाहीत. वजाबाकी पुरी होत नाही, थोडं उरतं. ठिपक्याच्या प्रकाशात आपण मोजतो ते हे उरलेलं. साधारण एक टक्का उरलं तर आकार गोलापासून किमान २० ते ३० टक्के हललेला आहे, असा ढोबळ हिशोब १९९० च्या दशकातल्या प्रारूपांपासून चालत आला आहे.

'किमान' या शब्दावर जोर आहे. त्याबद्दल खाली बोलूच.

प्रश्नचिन्ह

रेघांचं उदाहरण लख्ख कळलं. दोन शंका.
१) 'किमान' का?
२) आकार ऑलिव्हसारखा की चपटा, हे एका आकड्यातून कसं ठरवतात?

वर्णपटवाली

पहिली शंका सोपी आहे. जांभूळ टोकाकडून बघितलं तर गोलच दिसतं. अक्ष आपल्या दृष्टिरेषेशी जितका कोन करतो त्याच्या साइनच्या वर्गाच्या प्रमाणात ध्रुवण मिळतं. बाजूने बघताना जे १ टक्का मिळालं असतं, ते ३० अंशांवरून बघताना पाव टक्का मिळतं. म्हणजे कमी ध्रुवणाचे दोन अर्थ निघतात: स्फोट जवळजवळ गोल आहे, किंवा लांबट आहे पण टोक आपल्याकडे आहे. एकाच सुपरनोव्हासाठी यातून सुटका नाही. वीस-पंचवीस सुपरनोव्हा मोजले की सगळ्यांचीच टोकं आपल्याकडे असणं शक्य नाही, एवढं म्हणता येतं.

दुसऱ्या शंकेचं उत्तर: एका आकड्यातून ठरवत नाहीतच. ध्रुवणाला टक्का असतो तसा कोनही असतो. कोनावरून आकाशात अक्ष कुठे रोखला आहे ते कळतं, पण तो अक्ष लांब बाजूचा की आखूड बाजूचा, हे नुसत्या कोनावरून सांगता येत नाही. इलेक्ट्रॉनांची घनता बाहेरच्या बाजूला किती झपाट्याने उतरते यावर ते अवलंबून आहे, आणि तिथे ९० अंशांचा गोंधळ होऊ शकतो. म्हणून वर्णपटातल्या रेषा, त्यांचा वेग आणि दिवसागणिक होणारा बदल असं सगळं एका प्रारूपात बसवून मग आकार सांगतात.

माझं ठाम मत: टक्क्यापेक्षा कोनावर जास्त भरवसा ठेवावा. २०२४जीजीआयच्या कामातलंही मोलाचं वाक्य 'ऑलिव्ह' हे नाही. पुढच्या दिवसांत लोट ताऱ्याभोवतीच्या वायूवर आदळला, आकार चपटावत गेला, पण सममितीचा अक्ष तोच राहिला, हे खरं मोलाचं. आत कुठेतरी स्फोट सुरू झाला तेव्हाच एक दिशा ठरली होती आणि ती पृष्ठभाग फोडून बाहेर येईपर्यंत टिकली, असा त्याचा अर्थ. गाभ्यातली उलथापालथ नुसतीच अस्ताव्यस्त असती तर असा एक अक्ष टिकून राहणं अवघड होतं.

गणिताची_वही

धागा वाचनखुणेत टाकला. प्रत्यक्ष आकडेमोड कशी करतात ते कोणी पायरीपायरीने लिहील का? 'उरलेलं मोजायचं' म्हणजे यंत्रात नक्की काय करायचं?

मूळ_नक्षत्र

लिहितो. पारानालच्या फोर्स-२ उपकरणाचं उदाहरण घेतो, कारण सुपरनोव्हांचं वर्णपट-ध्रुवणमापन मोठ्या प्रमाणावर तिथेच झालं आहे.

प्रकाशाच्या वाटेत आधी एक फिरती हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवणाची दिशा वळवणारी चकती), मग वोलॅस्टन प्रिझम, मग वर्णपट पाडणारा ग्रिझम. वोलॅस्टन एका प्रकाशाचे दोन किरण करतो, एकमेकांना काटकोनात ध्रुवित, आणि आकाशात मोजलं तर २२ आर्कसेकंद अंतरावर. दोन्ही किरण एकाच सीसीडीवर (कॅमेऱ्याच्या संवेदकावर), एकाच वेळी नोंदवले जातात. त्यांना ओ आणि ई म्हणू. किरण एकमेकांवर पडू नयेत म्हणून मध्ये २२ आर्कसेकंदांच्या पट्ट्यांचा मुखवटा असतो.

प्लेट चार कोनांवर ठेवून चार उघडीपी (एक्स्पोजर) घ्यायच्या: ०, ४५, २२.५ आणि ६७.५ अंश. प्रत्येक वेळी

फ = (ओ − ई) ÷ (ओ + ई)

मग ध्रुवणाचे दोन घटक: क्यू = (फ₀ − फ₄₅) ÷ २ आणि यू = (फ₂₂.₅ − फ₆₇.₅) ÷ २.

समजा वर्णपटाच्या एका खणात (तरंगलांबीच्या छोट्या तुकड्यात) दर उघडीपीला १० लाख फोटॉन मिळाले:

० अंश: ओ ५,०७,००० / ई ४,९३,००० → फ = +०.०१४
४५ अंश: ओ ४,९९,००० / ई ५,०१,००० → फ = −०.००२
२२.५ अंश: ओ ५,०६,००० / ई ४,९४,००० → फ = +०.०१२
६७.५ अंश: ओ ५,००,००० / ई ५,००,००० → फ = ०

क्यू = ०.००८, म्हणजे ०.८ टक्के. यू = ०.००६, म्हणजे ०.६ टक्के. एकूण ध्रुवण म्हणजे दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ: १.० टक्का. कोन = अर्धा × (यू ÷ क्यू चा व्यस्त टॅन) = १८.४ अंश.

आता मजा बघा. फ₀ आणि फ₄₅ यांची सरासरी काढा: ०.००६. दुसऱ्या जोडीची काढा: तीही ०.००६. हा ताऱ्याचा भाग नाहीच. प्रिझम ओ किरण ई पेक्षा जरा जास्त पुढे सोडतो, त्याचा हा खोटा ०.६ टक्का. वजाबाकीत तो आपोआप गळून पडला. दोनच कोन घेऊन वेळ वाचवायला गेलं तर हा खोटा भाग थेट उत्तरात शिरतो. आणि ढग आला तर? ओ आणि ई दोन्ही सारखेच मंदावतात, गुणोत्तर तेच राहतं. म्हणून पातळ ढगातही हे काम चालतं, फक्त फोटॉन कमी मिळतात.

चूक किती? चार कोनांसाठी अनिश्चितता = १ ÷ (१.४१ × सिग्नल-गोंगाट गुणोत्तर). १० लाख फोटॉनांना गुणोत्तर १०००, म्हणून चूक ०.०७ टक्के. ०.१ टक्का अचूकता हवी तर दर खणाला दर कोनाला किमान ५ लाख फोटॉन हवेत. आठ मीटरचा आरसा लागतो तो यासाठी. मंद ठिपका दिसणं वेगळं, आणि त्याच्या प्रकाशातला हजारातला एक भाग मोजणं वेगळं.

कृत्तिका_पुणे

उत्तम लिहिलंय. यात प्रत्यक्ष काम करताना कुठे घसरायला होतं त्याची भर घालते, कारण ध्रुवणमापनात चुकीचं उत्तरही अगदी खरं वाटेल असं दिसतं.

ओ आणि ई चं तरंगलांबी-अंशांकन (कॅलिब्रेशन) वेगवेगळं करावं लागतं. दोन वर्णपट एकमेकांपासून अर्ध्या पिक्सेलनेही सरकलेले राहिले तर प्रत्येक ठळक रेषेच्या उतारावर खोटं ध्रुवण उगवतं, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे. आलेखात रेषेवर आडवा पडलेला एस दिसला की आधी अंशांकन तपासायचं, मग भौतिकशास्त्र.

आकाशाचा प्रकाश ओ आणि ई मधून स्वतंत्रपणे वजा करायचा. चंद्र वर असेल तर चंद्रापासून ९० अंशांवरचं आकाश चांगलंच ध्रुवित असतं, आणि तुमचा सुपरनोव्हा नेमका तिथेच असेल तर एकच सरासरी पार्श्वभूमी दोन्हींतून वजा करणं म्हणजे चंद्रप्रकाशाचं ध्रुवण सुपरनोव्हाच्या नावावर लावणं.

वैश्विक किरणाचा एक ठिपका फक्त ओ मध्ये पडला तर त्या खणात क्यू एकदम उसळतो. चारही उघडीपी दोनदा घेतल्या असतील तर तो लगेच पकडता येतो.

खण मोठे करायचे असतील तर ओ आणि ई चे फोटॉन आधी एकत्र करा, मग क्यू-यू काढा. टक्का आधी काढून त्याची सरासरी घेऊ नका. टक्का हे वर्गमूळ असल्यामुळे कधीच ऋण होत नाही. नुसत्या गोंगाटाचाही टक्का धनच येतो. चूक ०.३ असताना ०.३ टक्के ध्रुवण 'सापडलं' असं म्हणणं म्हणजे काहीच न सापडणं. म्हणून टक्का देताना हा कल वजा करून देतात.

हाफ-वेव्ह प्लेटचा शून्य-कोन तरंगलांबीनुसार काही अंशांनी हलतो. वेधशाळा त्याचा तक्ता देते, तो वापरायचा. आणि व्यस्त टॅन काढताना क्यू-यू ची चिन्हं बघणारं सूत्र वापरा, नाहीतर कोन ९० अंशांनी चुकतो आणि लांबट अक्ष आडवा होतो.

सुपरनोव्हा दृश्यक्षेत्राच्या मध्यावर ठेवा. फोर्स-२ च्या जुळ्या फोर्स-१ उपकरणाच्या तपासणीत कडेला जवळपास दीड टक्क्यापर्यंत खोटं, मध्यापासून त्रिज्येच्या दिशेने पसरणारं ध्रुवण सापडलं होतं. मध्यावर ते नगण्य होतं. शिवाय दर मोहिमेत एक अध्रुवित आणि एक ज्ञात-ध्रुवित मानक तारा मोजायलाच हवा.

प्रश्नचिन्ह

एक मूलभूत शंका. मधल्या २.२ कोटी प्रकाशवर्षांत धूळ आहे. धूळसुद्धा प्रकाश ध्रुवित करते ना? मग आलेलं ध्रुवण स्फोटाचं की धुळीचं?

वर्णपटवाली

या विषयातला सगळ्यात जड प्रश्न हाच आहे, आणि बातम्यांत तो कधीच येत नाही.

लांबुळके धूलिकण चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने लागतात आणि पलीकडून येणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश थोडा ध्रुवित करतात. आपल्या आकाशगंगेत याची वरची मर्यादा माहीत आहे: धुळीमुळे रंग जितका लाल होतो (बी−व्ही, म्हणजे निळ्या आणि दृश्य पट्ट्यांतल्या तेजाच्या प्रतींच्या फरकातली वाढ) त्याच्या ९ पट टक्के. म्हणजे ०.१ प्रतीएवढी लाली असेल तर ०.९ टक्क्यापर्यंत ध्रुवण धुळीचंच असू शकतं. आपण शोधतोय तेही तेवढंच असतं.

वरच्या उदाहरणावरच दाखवते. मोजलेलं क्यू ०.८, यू ०.६. समजा धुळीचा वाटा क्यू ०.३, यू ०.६ निघाला. वजाबाकी टक्क्यांची नाही, क्यू मधून क्यू आणि यू मधून यू अशी करायची. उरलं क्यू ०.५, यू शून्य. एक टक्क्याचा अर्धा टक्का झाला आणि कोन १८.४ वरून शून्य अंशांवर आला. धूळ नीट काढली नाही तर किंमतही चुकते आणि दिशाही.

धुळीचा वाटा काढायच्या वाटा तीन-चार आहेत, एकही पुरती खात्रीची नाही. त्याच दिशेचे आपल्या आकाशगंगेतले तारे मोजले तर आपल्याकडच्या धुळीचा हिशोब लागतो, दूरच्या दीर्घिकेतल्या धुळीचा नाही. ठळक उत्सर्जन-रेषांच्या शिखरावर सुपरनोव्हाचा स्वतःचा प्रकाश अध्रुवित असतो असं गृहीत धरून तिथलं ध्रुवण धुळीचं मानतात. किंवा खूप उशिरा, लोट विरळ होऊन इलेक्ट्रॉनांचं विखुरणं संपल्यावर मोजतात; तेव्हा राहील ते धुळीचं. शिवाय धुळीचं ध्रुवण तरंगलांबीनुसार एका ठरावीक वक्रात चालतं (सेर्कोव्स्कीचा नियम), आपल्याकडच्या धुळीत शिखर साधारण ५५०० आंगस्ट्रॉमपाशी (५५० नॅनोमीटर). पण काही टाइप वन-ए (पांढऱ्या खुज्या ताऱ्याच्या स्फोटाच्या) सुपरनोव्हांच्या वाटेतल्या धुळीत, उदाहरणार्थ एसएन २०१४जे, ते शिखर ४००० आंगस्ट्रॉमच्याही पलीकडे निळ्याकडे सरकलेलं निघालं. म्हणजे आपल्याकडची धूळ सगळीकडे लागू करता येत नाही.

या सगळ्यातून सुटायची एक सुंदर वाट आहे. क्यू आडव्या अक्षावर, यू उभ्या अक्षावर घेऊन वर्णपटाचा प्रत्येक खण एकेक बिंदू म्हणून मांडा. धुळीचा वाटा सगळ्या बिंदूंना जवळपास सारखाच ढकलतो. अख्खा पुंजका सरकतो, पण त्याची ठेवण बदलत नाही. बिंदू एका सरळ रेषेत पसरले असतील तर धूळ कितीही असो, रेष सरळच राहते आणि तिची दिशाही तीच. सरळ रेष म्हणजे स्फोटाला एकच अक्ष. एखाद्या रेषेपाशी बिंदूंनी फास किंवा वळसा घातला तर त्या मूलद्रव्याची मांडणी मुख्य अक्षाभोवती सममित नाही. तसंच दिवसागणिक काही बदललं तर तो बदल सुपरनोव्हाचा, कारण वाटेतली धूळ काही आठवड्यांत बदलत नाही.

कोनावर भरवसा ठेवा, असं मी वर म्हटलं ते यामुळे.

गणिताची_वही

हे क्यू-यू चित्र फारच आवडलं. पण वर्णपटात रेषांपाशी ध्रुवण वेगळं का येतं?

कृत्तिका_पुणे

सुपरनोव्हाच्या रेषेला निळ्या बाजूला खळगा आणि लाल बाजूला शिखर असतं. शिखरातला प्रकाश अणूंनी पुन्हा सोडलेला असतो, त्यात दिशेची आठवण राहत नाही. तो अध्रुवित असतो आणि एकूण टक्का पातळ करतो. खळग्यात उलट होतं. आपल्या आणि तेजस्वी पृष्ठभागाच्या मध्ये असलेला कॅल्शियम किंवा सिलिकॉन तबकडीचा काही भाग झाकतो. झाकलेला भाग मधला असेल तर कडेचा ध्रुवित प्रकाश प्रमाणाने वाढतो. झाकण एका बाजूला सरकलेलं असेल तर घड्याळातल्या काही रेघा झाकल्या जातात, त्यांच्या जोड्या मोडतात. म्हणजे पृष्ठभाग पूर्ण गोल असतानाही खळग्यात ध्रुवण येऊ शकतं, आणि त्याचा कोन सांगतो की ते मूलद्रव्य कुठल्या बाजूला गोळा झालंय.

आणखी एक गोष्ट फुकट मिळते. लोट मोकळा पसरत असतो, म्हणून जो थर जितका बाहेर तितका तो वेगवान. खळग्याची तरंगलांबी वेग सांगते, वेग खोली सांगतो. म्हणजे एकाच वर्णपटात थराथराचा आकार मिळतो. एसएन २००१ईएल या टाइप वन-ए सुपरनोव्हात सलग वर्णपटाचं ध्रुवण जेमतेम ०.२ ते ०.३ टक्के होतं, आकार १० टक्क्यांच्या आसपास बिघडलेला. पण सेकंदाला २० हजार किलोमीटरहून वेगवान असलेल्या कॅल्शियमच्या थरात ते ०.७ टक्क्यांपर्यंत गेलं आणि कोनही वेगळा निघाला. आत जवळजवळ गोल स्फोट आणि बाहेर वेगळ्याच दिशेला कॅल्शियमचा पुंजका किंवा कवच.

गाभा कोसळून होणाऱ्या सुपरनोव्हांचं वागणं उलट. एनजीसी २४०३ मधल्या एसएन २००४डीजे चं उदाहरण बघण्यासारखं आहे. हायड्रोजनचं जाड आवरण होतं तोवर ध्रुवण नाममात्र. सुमारे तीन महिन्यांनी आवरण पारदर्शक झालं, आतला गाभा उघडा पडला आणि ध्रुवण एकदम अर्ध्या टक्क्याच्या वर उसळलं. नंतर ते काळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरत गेलं. लोट पसरताना विखुरणारे इलेक्ट्रॉन ज्या वेगाने विरळ होतात त्याच वेगाने. जितकं आत बघाल तितका स्फोट वेडावाकडा, हे तेव्हापासून पक्कं होत गेलं. २०२४जीजीआयने त्यात दुसरं टोक जोडलं: अगदी पहिल्या दिवशी, सगळ्यात बाहेरच्या थरातही अक्ष दिसला. ती वेळ काही तासांचीच असते, नंतर लोट भोवतालच्या वायूत मिसळून ती खूण पुसट होते.

सप्तर्षी७

ध्रुवणावर इतका भरवसा ठेवायचा तर त्याची स्वतंत्र पडताळणी कधी झाली आहे का?

मूळ_नक्षत्र

झाली आहे. एसएन १९८७ए फक्त १.६८ लाख प्रकाशवर्षांवर, मोठ्या मॅजेलन मेघात फुटला. ध्रुवण पहिल्या महिन्यांतच मोजलं गेलं आणि एक अक्ष मिळाला. पुढे हबल दुर्बिणीला मधला लोट प्रत्यक्ष ठिपक्याहून मोठा दिसू लागला, तो लांबट निघाला आणि त्याची दिशा जुन्या ध्रुवणमापनाशी ढोबळपणे जुळली. इतक्या जवळ दुसरा सुपरनोव्हा त्यानंतर फुटलेला नाही, म्हणून ही पडताळणी जपून ठेवण्यासारखी आहे.

एक अगदी वेगळी वाटही आहे, प्रकाशाचे प्रतिध्वनी. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या 'कॅसिओपिया ए' अवशेषाचा मूळ स्फोट होऊन साडेतीनशे वर्षांच्या आसपास झाली. त्याचा प्रकाश दूरच्या धुळीच्या ढगांवर आपटून आता उशिरा आपल्यापर्यंत येतो. प्रत्येक ढगाने तो स्फोट वेगळ्या दिशेने 'पाहिलेला' असतो. २०११ मध्ये अशा तीन ढगांवरचे वर्णपट ताडून पाहिले. एका दिशेला हायड्रोजन-हेलियमच्या रेषा सेकंदाला सुमारे ४००० किलोमीटरने जास्त निळ्याकडे सरकलेल्या निघाल्या. एकच स्फोट, बाजूबाजूने वेगळा. आणि उरलेला न्यूट्रॉन तारा ढोबळमानाने त्याच्या उलट दिशेला निघालेला आहे.

उशिराच्या वर्णपटात ऑक्सिजनच्या ६३०० आंगस्ट्रॉमच्या रेषेला दोन शिखरं दिसली की बरेच जण 'दोन बाजूंना फवारा' म्हणून मोकळे होतात. ही रेष मुळातच जोडी आहे, ६३०० आणि ६३६४. हे अंतर सेकंदाला सुमारे ३००० किलोमीटरच्या वेगाएवढं भरतं. शिखरांमधलं अंतर नेमकं तेवढंच असेल तर आधी जोडीचा संशय घ्यावा.

सप्तर्षी७

मग वृषभेतला एम-१ अवशेष पोलरॉइडमधून (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या पट्टीतून) फिरवून बघितला की उजेड-सावली बदलते, तेही याच कारणाने?

वर्णपटवाली

नाही, दोन्हींची गल्लत करू नका. एम-१ मधलं ध्रुवण चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचं आहे. ते चुंबकीय क्षेत्राची दिशा सांगतं, १०५४ साली झालेल्या स्फोटाचा आकार नाही.

विखुरण्याचं ध्रुवण हातात धरून बघायचं असेल तर एक लिटर पाण्यात पाव चमचा दूध मिसळा, अंधारात बाजूने टॉर्चचा बारीक झोत सोडा आणि काटकोनातून पोलरॉइडच्या तुकड्यातून बघा. तुकडा फिरवला की झोत मंद-तेज होतो. आता टॉर्चच्या समोरून, झोताच्या रेषेत बघा: फिरवूनही काही बदलत नाही. तबकडीचा मध्य आणि कडा यांतला फरक हाच. दूध जास्त झालं की प्रकाश अनेकदा विखुरतो आणि परिणाम पुसला जातो, म्हणून थेंबाथेंबाने घाला.

प्रश्नचिन्ह

आपल्याकडे हे काम होतं का? आणि आठ इंची दुर्बीण असलेल्या हौशी मंडळींना काही करता येईल?

कृत्तिका_पुणे

होतं. नैनीतालच्या एरीज संस्थेच्या १०४ सेंटीमीटर दुर्बिणीवर एआयएमपोल नावाचा ध्रुवणमापक आहे. एम-९५ दीर्घिकेतल्या एसएन २०१२एडब्ल्यू चं ध्रुवण तिथून आर (लाल) पट्ट्यात मोजलेलं आहे. जुन्नरजवळ गिरवलीच्या आयुका वेधशाळेत २ मीटरच्या दुर्बिणीवरच्या उपकरणातही ध्रुवणाची सोय आहे. पट्ट्यातलं मापन रेषारेषांची माहिती देत नाही, पण दिवसागणिक टक्का आणि कोन कसा हलतो ते देतं. पुण्यात आयुकामध्येच वॉलॉप नावाचे मोठ्या क्षेत्राचे ध्रुवणमापक घडवले गेले, लाखो ताऱ्यांचं ध्रुवण मोजायला. धुळीचा हिशोब वर आला, त्याला अशा मापनांचा थेट उपयोग आहे.

आठ इंचीबद्दल. १२ व्या प्रतीच्या सुपरनोव्हाचे दृश्य पट्ट्यात साधारण चार-साडेचार हजार फोटॉन दर सेकंदाला आरशावर पडतात. पोलरॉइड निम्मे खातो, उरलेल्यांतले बरेच काचा आणि कॅमेऱ्यात जातात. तरी दहा मिनिटांत काही लाख जमतात, म्हणजे फोटॉनांच्या हिशोबाने ०.२ टक्क्यापर्यंत पोचता येईल. अडचण तिथे नाही. एकाच पोलरॉइडने कोन एकामागून एक घ्यावे लागतात, आणि मधल्या दहा मिनिटांत हवेची पारदर्शकता सहज एक टक्क्याने हलते. वोलॅस्टनने एकाच वेळी दोन किरण घेण्याचा फायदा इथे मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्याच चौकटीतल्या पाच-सहा ताऱ्यांशी तुलना करणं आणि ०, ४५, ९०, १३५ अंशांची फेरी छोट्या उघडीपींत पुन्हा पुन्हा करणं. एका कोनाला दहा मिनिटं देण्यापेक्षा ३० सेकंदांच्या वीस फेऱ्या बऱ्या. पोलरॉइड फिरवताना प्रतिमा सीसीडीवर सरकते, म्हणून फ्लॅट (एकसारख्या उजेडाचा जुळणी-फोटो) प्रत्येक कोनाला वेगळा घ्या.

सुपरनोव्हावर जाण्याआधी वृषपर्व्यातला एचडी २०४८२७ हा तारा मोजा. ८ व्या प्रतीच्या आसपास आहे, ध्रुवण सुमारे ५.३ टक्के, सगळं धुळीमुळे. तो तीन वेगवेगळ्या रात्री ५ ते ५.६ च्या दरम्यान आला आणि कोन दोन-तीन अंशांत राहिला, तर पुढे जा. कोन रात्रीगणिक हलत असेल तर फिल्टरच्या चकतीची शून्याची खूण आधी पक्की करा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.